अर्ध्या बळाचा हिशोब

प्रिय पैलवान,

निरोप मिळाला. नडगी दुखतेय, हाडं भक्कम करायची गोळी सांगा म्हणतोस. गोळीचं राहू दे. दुखणं नडगीभर आहे की एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागेत, ते आधी दाबून बघ.

तालमीत नवं पोरगं आलं की आमचे वस्ताद दंडाआधी मनगट धरून बघायचे. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात अस्थिसार, म्हणजे हाडापेरानं भक्कम, माणसाची खूण अशीच दिलीय. टाच, घोटा, गुडघा, हनुवटी, पेरं ठसठशीत, नखं-दात जाड. असा माणूस उत्साही आणि कष्ट सोसणारा. तुझं मनगट तसलंच आहे. पण त्याच विमानस्थानात अस्थिवह स्रोतस, म्हणजे हाडांना पोषण नेणारा मार्ग, बिघडवणाऱ्या कारणांत पहिला शब्द कोणता, माहितीय? व्यायाम! आणि त्या स्रोतसाचं मूळ सांगितलंय मेद.

आता वजनगटासाठी तू दोन महिने तूप-दूध तोडलंस आणि बैठका वाढवल्यास. मेदातून अस्थी घडते म्हणतात, ती कशातून घडणार? पोटाला कमी आणि मेहनत जास्त झाली की हाडाला बारीक तडा जातो, असं क्रीडावैद्यकाचे डॉक्टरही सांगतात.

मी एकोणीसचा असताना कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्तीसाठी असाच दुखरा पाय ओढत राहिलो. लढत राहिली बाजूला, सहा आठवडे प्लास्टरात काढले.

आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट अर्ध्या शक्तीनं व्यायाम सांगतो, तोही स्निग्ध खाणाऱ्या बलवानाला, थंडीत आणि वसंतात. एरवी आणखी हलका. तालमीत हे वाचून दाखवलं तर पोरं हसतील, आणि मैदान मारायला अर्धं बळ पुरत नाही हेही खरंच. पण दुखण्यातून उठताना माप हेच. तोंडानं श्वास घ्यावा लागला की थांब.

गंगावेशच्या दूधकट्ट्यावर पुन्हा जायला लाग. धारोष्णाचा, म्हणजे नुकत्याच काढलेल्या कोमट दुधाचा, फेस कितीही खुणावला तरी मी घरी आणून उकळूनच पितो. त्यावरून मित्र अजून चिडवतात.

दुखणं एका बोटाच्या जागेत असेल तर उद्याच अस्थितज्ज्ञाकडे जा. तडा असला तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे कोरा येऊ शकतो, तेवढ्यावर खूश होऊन बैठका मारू नकोस. तोवर तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांचे डाव बघ. शनिवारी संध्याकाळी घरी ये, आणि पळायचे बूट घेऊन ये. टाचेकडं कुठं झिजलेत ते बघायचंय.

तुझा,
काका