प्रेशर उतरतंय, की चढून उतरतंय?

इंग्लंड-स्कॉटलंडातल्या वाचकांचे घरदुरुस्तीचे प्रश्न आपण या सदरात घेतो. या खेपेला थंडी अशी पडलीय की गळक्या छपरांचं, वॉशिंग मशीनचं कुणी विचारलंच नाही, सगळ्यांचे बॉयलरच रुसलेत. त्यातले तीन घेतलेत, पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण तसाच प्रश्न आणखी चार-पाच जणांचा होता.

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही रीडिंगला राहतो, तीन बेडरूमचं घर, किचनमध्ये कॉम्बी बॉयलर (रेडिएटर आणि नळाचं गरम पाणी दोन्ही सांभाळणारा), आठ वर्षं जुना. नोव्हेंबरपासून दर तीन-चार दिवसांनी बॉयलर बंद पडतो, बघावं तर प्रेशरचा काटा शून्यावर. खालची चंदेरी नळी उघडून पाणी भरलं की परत सुरू. नवऱ्याने कार्पेट उचलून पाहिलं, कुठे ओल नाही, सिलिंगवर डाग नाही. एक प्लंबर आला आणि पाच मिनिटांत सांगून गेला की बॉयलर संपला, नवीन घ्या, अडीच हजार पौंड. खरंच बदलायला लागेल का? आणि हो, हीटिंग चालू असताना काटा पार लाल पट्ट्यापर्यंत जातो, ते नॉर्मल असतं ना?

उत्तर : ताई, डॉक्टरकडून निघताना दारात चपला घालता घालता पेशंट जे सांगतो ना, खरं दुखणं तेच असतं. तुमचं ते "आणि हो" तसलंच आहे. नाही, ते नॉर्मल नाही, आणि तुमचं घर बहुतेक कुठेच गळत नाहीये.

बघा, रेडिएटरचं सगळं पाणी बंद चक्रात फिरतं. समजा तुमच्याकडे १०० लिटर आहे, १० अंशांवरून ७० वर गेलं की ते दोन लिटरपेक्षा जास्त फुगतं, आणि पाणी काही दबून बसत नाही, त्याला जागा लागते. ती जागा म्हणजे एक्सपान्शन व्हेसल, लाल रंगाचा पत्र्याचा चपटा डबा, बऱ्याच कॉम्बीत तो मागच्या बाजूला असतो. आत रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ०.७५ ते १ बारची हवा (बार म्हणजे दाबाचं माप, काटा तेच दाखवतो). पाणी फुगलं की हवा दबते, गार झालं की हवा पाणी परत ढकलते, सायकलच्या ट्यूबसारखीच ही हवा वर्षानुवर्षं हळूहळू निघून जाते आणि कुणी भरतच नाही. मग फुगलेल्या पाण्याला जागा नाही, काटा ३ बारला भिडतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, थोडं पाणी बाहेर फेकलं जातं, आणि सकाळी गार झाल्यावर तेवढंच पाणी कमी, म्हणून काटा तळाला. तुम्ही परत भरता, परत तेच.

आता पाणी जातं कुठे, तर घराबाहेर. किचनच्या बाहेरच्या भिंतीतून १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप निघून तोंड भिंतीकडे वळवलेलं असेल, त्याच्याखाली विटांवर पांढरट-हिरवट ओघळ आहे का बघा. त्याखाली दुधाची रिकामी प्लॅस्टिकची बाटली नुसती ठेवा (पाइपाचं तोंड बांधून बंद करू नका, तिथून उकळतं पाणी येऊ शकतं) आणि हीटिंग दोन तास चालवा. बाटलीत पाणी आलं की निकाल लागला, कार्पेट परत चिकटवून टाका.

उलट, हीटिंग चालू असताना काटा १.५-२ च्या आतच राहतो आणि तरी दोन दिवसांत शून्य होतो, अशी तक्रार असती तर मी गळतीच म्हटलं असतं. त्याचीही एक सोपी युक्ती आहे, ज्यांना हा दुसरा त्रास आहे त्यांच्यासाठी सांगतो : रात्री बॉयलर पूर्ण बंद करायचा, गार झाला की १.२ बार भरायचं, आणि बॉयलरच्या खाली रेडिएटरकडे जाणाऱ्या-येणाऱ्या दोन पाइपांवरचे व्हॉल्व्ह बंद करून झोपायचं. सकाळी काटा पडलेला असेल तर बॉयलरच गळतोय, जागेवर असेल आणि व्हॉल्व्ह उघडल्याबरोबर घसरला तर दोष घरातल्या पाइपांत. व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय बॉयलर चालू करू नका म्हणजे झालं.

तुमच्या प्लंबरला काय सांगायचं : "व्हेसलची हवा तपासा." व्हेसलला गाडीच्या टायरसारखा व्हॉल्व्ह असतो, त्याची पिन दाबली की फुस्स हवा आली किंवा काहीच आलं नाही तर बॉयलरमधलं पाणी काढून पंपाने हवा भरायची, पण पिनीतून पाणी आलं तर पडदा फाटलाय, व्हेसल बदलायला लागेल. मागे अडकलेला व्हेसल काढायचा तर अख्खा बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागतो असं सांगतील, तेव्हा शांतपणे विचारा की बाहेर रिटर्नच्या, म्हणजे रेडिएटरकडून परत येणाऱ्या, पाइपावर वेगळा व्हेसल बसवता येईल का. बऱ्याचदा येतो. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलून घ्या, तो एकदा उघडायला लागला की त्याच्या बैठकीत कचरा अडकतो आणि मग थेंब थेंब चालूच राहतो. हे सगळं अडीच हजारांच्या आसपासही जात नाही. मात्र बॉयलरचं कव्हर तुम्ही उघडू नका, तिथे गॅस सेफ रजिस्टरचं, म्हणजे गॅसची कामं करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं, कार्ड असलेलाच माणूस पाहिजे (आधीच्या नोंदणीचं नाव कॉर्गी, म्हणून जुने लोक अजून 'कॉर्गी वाला' म्हणतात, २००९ पासून ते बदललं), आणि कार्डाच्या मागे त्याला कोणकोणती कामं करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, तेही वाचा, लाजू नका.

आणि तोपर्यंत रोज पाणी भरत बसू नका हो. मी इथल्या पहिल्या हिवाळ्यात तेच केलं, रोज सकाळी चहाचं आधण ठेवायचं आणि ती चंदेरी नळी उघडायची, मला वाटलं इथे अशीच पद्धत असते. ताजं पाणी म्हणजे ताजा ऑक्सिजन, ऑक्सिजन म्हणजे रेडिएटरला आतून गंज, मार्चमध्ये हवा काढायला म्हणून रेडिएटरची चावी फिरवली तर शाईसारखं काळंकुट्ट पाणी उडालं ते घरमालकाच्या क्रीम रंगाच्या कार्पेटवर. डिपॉझिटमधून कापले पैसे. तर दुरुस्ती झाली की पाण्यात इनहिबिटर (गंज रोखणारं औषध) घालायला सांगा आणि फिलिंग लूपची नळी, म्हणजे तीच चंदेरी नळी, सोडवून ठेवायला सांगा.

प्रश्न : आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलीय, आम्ही हॅरोला. तिला शॉवर चालत नाही, बादली-तांब्याच पाहिजे. बाथटबमध्ये बादली ठेवून गरम नळ पूर्ण सोडते तर पाणी कोमट, किचनच्या सिंकला मात्र चटका बसेल असं येतं. ती म्हणते यापेक्षा आपला बंब बरा. बॉयलर २४ किलोवॉटचा कॉम्बी आहे. बिघडलाय का?

उत्तर : आईंचं एका अर्थी बरोबर आहे. बंबात पाणी साठवून तापवतात, कॉम्बी वाहतं पाणी तापवतो, त्याला जेवढा वेळ मिळेल तेवढंच. २४ किलोवॉटला हिशोब साधा आहे, पाणी ३५ अंशांनी वर न्यायचं तर मिनिटाला जेमतेम १० लिटर. जानेवारीत मेनचं पाणी ५-६ अंशांवर आलेलं असतं, ते ४५ पर्यंत न्यायचं म्हणजे साडेआठ लिटरच. बाथटबचा नळ मोठा, तो पूर्ण सोडला की त्यापेक्षा जास्त धावतं, सिंकचा नळ बारीक म्हणून तिथे चटका.

बादली आहेच तर तीच वापरा. १० लिटरची बादली भरायला सव्वा मिनिट लागेल इतकाच नळ सोडा. तेवढ्यावर पाणी छान गरम आलं तर बॉयलर ठणठणीत आहे, आईंना नळ अर्धा सोडायला शिकवा (हे काम बॉयलर दुरुस्तीपेक्षा अवघड आहे, मला अनुभव आहे).

बारीक धारेलाही कोमटच आलं, तर हीटिंग बंद ठेवून गरम नळ चालू करा आणि बॉयलरखालून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाइपाला हात लावून बघा. तो तापत असेल तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह (उष्णता नळाकडे की रेडिएटरकडे ते ठरवणारा) पूर्ण फिरत नाही, निम्मी उष्णता रेडिएटरकडे पळतेय. पाइप गार आहे, पण नळाचं पाणी एकदम कढत, एकदम गार, परत कढत असं झोके घेतंय, तर आतल्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये (नळाचं पाणी जिथे तापतं तो भाग) क्षार साचलेत, तुमच्याकडचं पाणी जड आहे, किटलीच्या तळाला पांढरी खपली धरते ना, तीच ही. त्यातलं काय दिसलं ते इंजिनियरला फोनवरच सांगा, तो पार्ट घेऊनच येईल आणि दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतील.

प्रश्न : अ‍ॅबरडीनला भाड्याच्या घरात राहतो. रात्री उणे सात होतं, सकाळी बॉयलरने गुळगुळ आवाज केला आणि बंद. रिसेट करून तेच. एजन्सी म्हणते सोमवारी माणूस पाठवू. आज शुक्रवार. बाहेरच्या पाइपाला जुना स्वेटर गुंडाळू का?

उत्तर : सोमवारपर्यंत थांबू नका. गुळगुळ आवाज आणि आदल्या रात्रीचं दव-बर्फ म्हणजे बहुतेक कंडेन्सेटचा पाइप गोठलाय. धुरातली वाफ गार होऊन त्याचं जे पाणी होतं ते या प्लॅस्टिकच्या पांढऱ्या किंवा राखाडी पाइपातून बाहेर गटाराकडे जातं, तोंडाशी किंवा वळणावर बर्फ धरला की पाणी मागे तुंबतं आणि बॉयलर स्वतःला बंद करतो. जमिनीवर उभं राहून हात पोचत असेल तर झारीने कोमट पाणी ओता, उकळतं नको, पाइप तडकतो, किंवा गरम पाण्याची पिशवी टेकवून ठेवा, मग रिसेट करा. शिडी लावायची असेल तर राहू द्या, एजन्सीलाच परत फोन करा आणि "घरात हीटिंगही नाही, गरम पाणीही नाही" हे दोन्ही शब्द ईमेलमध्ये लेखी टाका. गॅसचा वास आला तर मात्र हे काही करत बसू नका, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा.

नंतर घरमालकाला तो पाइप जाड घालून घ्यायला सांगा, बाहेरच्या भागात ३२ मिलिमीटरचा लागतो, आणि वर पाण्याने न भिजणारं फोमचं आवरण. तुम्ही लिहिलंय तसा जुना स्वेटर गुंडाळू नका, तो भिजतो आणि पाइपासकट गोठतो.