क्रेडिट कार्डाचे पॉइंट दिवाळीच्या तिकिटाला वापरावेत, की विमान कंपन्यांच्या सेलची वाट पाहावी?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांच्या कार्डावर ५० हजार आणि तुमच्या कार्डावर ४० हजार पॉइंट साठलेत. दिवाळीत आई-बाबांना घेऊन चौघांनी सिंगापूरला बहिणीकडे जायचंय, आणि पुढच्या वर्षी कधीतरी पुण्याहून कोचीची सहल करायची आहे. पॉइंट कुठे वापरावेत आणि सेलची वाट कुठे पाहावी, असा प्रश्न आहे.

दिवाळीला पॉइंट वापरा, कोचीला सेल. उलटं मात्र करू नका.

मी पुण्यात एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काम करते आणि गेली बारा वर्षं आमच्या घरातली, माहेरची, सासरची सगळी तिकिटं मीच काढते. त्यामुळे सवयीने आधी रुपये मोजते. पॉइंटवर किंमत छापलेली नसते. तो ज्या तिकिटाला लावाल त्या तिकिटावर त्याची किंमत ठरते, आणि ती काढायला शाळेतलं गणित पुरतं. रोख तिकीट कितीला आहे ते बघा. पॉइंटवर काढलेल्या तिकिटालाही कर आणि विमानतळाचं शुल्क रोखीनेच भरावं लागतं, ते त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला त्या तिकिटाला लागणाऱ्या माइल्सने, म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंटने, भागा.

आकडे समजण्यापुरते धरते. समजा दिवाळीच्या आठवड्यात मुंबई-सिंगापूर येण्याजाण्याचं तिकीट ४८,००० रुपये आहे. तेच माइल्सवर काढलं तर ४०,००० माइल्स आणि ७,००० रुपये कर. म्हणजे ४०,००० माइल्सनी तुमचे ४१,००० रुपये वाचवले, एका माइलला एक रुपयाहून थोडं जास्त. आता तोच मार्ग फेब्रुवारीत, सेल चालू असताना घ्या. रोख भाडं २१,०००. माइल्स तेवढेच, कर तेवढाच. वाचले १४,००० रुपये, म्हणजे माइलला ३५ पैसे. माइल्स तेच आणि सीटही तशीच, पण एकीकडे त्यांची किंमत दुसरीकडच्या जवळजवळ तिप्पट.

हे असं होतं कारण काही योजनांमध्ये एखाद्या मार्गाला किती माइल्स लागतील याचा तक्ता ठरलेला असतो. सिंगापूर एअरलाइन्सची क्रिसफ्लायर तशी आहे. दिवाळी आहे म्हणून तिथे सेव्हर, म्हणजे कमी माइल्सच्या, तिकिटाचे माइल्स वाढत नाहीत, मिळणाऱ्या सीट तेवढ्या कमी असतात. याउलट जिथे पॉइंटची किंमत रोख भाड्याशीच बांधलेली असते, तिथे भाडं दुप्पट झालं की पॉइंटही दुप्पट लागतात. अशा योजनेत मुहूर्त शोधण्यात अर्थ नाही, पुढचं तिकीट काढताना वापरून मोकळं व्हायचं.

सेलचं नेमकं उलटं आहे. एका विमानातल्या सगळ्या इकॉनॉमी सीट एकाच भाड्याला विकल्या जात नाहीत. भाड्यांचे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात मोजक्या सीट. सेल म्हणजे ज्या दिवसांत विमान रिकामं जाण्याची भीती आहे, त्या दिवसांचे खालचे कप्पे कंपनी थोडा वेळ उघडते. दिवाळीत विमान तसंही भरणारच असतं, मग कंपनी कप्पा कशाला उघडेल? जाहिरातीखालचा बारीक मजकूर वाचा. बुकिंग कोणत्या तारखांना, प्रवास कोणत्या तारखांत, आणि सुट्यांच्या कोणत्या तारखा वगळल्या, हे तिथे दिलेलं असतं. दिवाळीची वाट सेलच्या भरवशावर पाहणारे माझ्या ओळखीतले सगळेजण शेवटी ऑक्टोबरमध्ये जास्त भावाने तिकीट काढतात.

आता तुमच्या ९० हजारांबद्दल, कारण इथे एक मेख आहे आणि ती लोकांना फार उशिरा कळते. बँकेचे पॉइंट आणि विमान कंपनीचे माइल्स एक नव्हेत. प्रत्येक बँकेचा, कधी कधी एकाच बँकेच्या दोन कार्डांचा, बदलण्याचा दर वेगळा असतो. आणि साधारणपणे ज्याचं कार्ड, त्याच्याच नावाच्या विमान खात्यात पॉइंट जातात. म्हणजे तुमचे ९० हजार खरं तर ५० आणि ४० असे दोन वेगळे डबे आहेत. दर एकास एक असेल, तर वरच्या उदाहरणातल्या हिशेबाने दोघांच्या खात्यातून येण्याजाण्याचं एकेक तिकीट निघेल, मिस्टरांचे १० हजार उरतील. त्यांचे ते १० हजार बँकेतच राहू द्या, लागतील तेवढेच हलवा. दर दोनास एक असेल, तर एका खात्यात २५ हजार माइल्स येतील आणि दुसऱ्यात २०. दोन्हींतून येण्याजाण्याचं एकही तिकीट निघणार नाही, पण एकेरी तिकीट प्रत्येकी एक निघेल, कारण क्रिसफ्लायरमध्ये एकेरीला बरोबर निम्मे माइल्स लागतात. दर दोनास एक असला की बँकेच्या एका पॉइंटची किंमतही निम्मी होते, वरच्या हिशेबात ५१ पैसे. तुमची बँक तिच्या पोर्टलवर व्हाउचर किंवा बिलात वजावट म्हणून काय देते ते बघा आणि या ५१ पैशांशी ताडून पाहा.

एकेरी काढायची वेळ आली तर जपून. मोठ्या कंपन्यांचं परदेशाचं रोख एकेरी तिकीट पुष्कळदा येण्याजाण्याच्या तिकिटाच्या निम्म्याहून खूप जास्त असतं. जाताना माइल्स आणि येताना रोख असं जुळवलं, तर वाचवलेले पैसे परतीच्या तिकिटात जातात. अशा वेळी परतीला इंडिगोसारख्या, प्रत्येक दिशेचं भाडं स्वतंत्र लावणाऱ्या कंपनीचं भाडं बघून मगच ठरवा.

सीट मात्र आधी बघायची, पॉइंट नंतर हलवायचे. हे मी जितक्या वेळा सांगेन तितकं कमी आहे. बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. क्रिसफ्लायरवर माइल्सच्या सीट प्रवासाच्या साधारण ३५५ दिवस आधी दिसायला लागतात आणि दिवाळीच्या चांगल्या तारखा तेव्हापासूनच उचलल्या जातात. सेव्हर संपलं असेल तर अॅडव्हान्टेज नावाचा महाग पर्याय दिसेल. तो लगेच नाकारू नका, पण भागाकार पुन्हा करा. वेटलिस्टवरही नाव लावता येतं, मात्र चौघांचा बेत नुसत्या वेटलिस्टवर सोडू नका. लक्ष्मीपूजनाच्या चार दिवस आधी निघालात किंवा भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी परतलात, तर सीट मिळण्याची शक्यता एकदम वाढते. तुम्हाला तारखा हलवता येत नाहीत असं लिहिलंय, पण बहिणीशी एकदा बोलून बघा. सिंगापूरला दिवाळीची सार्वजनिक सुटी एकच दिवस असते, त्यामुळे तिच्या रजेचा हिशेबही तुमच्यापेक्षा वेगळाच असणार.

दर महिन्याला क्रिसफ्लायर काही मार्गांवर ३० टक्के कमी माइल्सची ‘स्पॉन्टेनियस एस्केप्स’ योजना काढते. ती पुढच्या महिन्याच्या प्रवासासाठी असते आणि ते तिकीट रद्द करून माइल्स परत मिळत नाहीत. तुम्ही दोघंच असतात तर घ्या म्हटलं असतं. वयस्कर आई-बाबांसाठी नको.

रद्द करण्यावरून आठवलं. माइल्सच्या तिकिटाचा हा फायदा लोक हिशेबात धरतच नाहीत. साधं सेव्हर तिकीट रद्द केलं तर थोडं शुल्क कापून माइल्स खात्यात परत येतात. सेलचं तिकीट रद्द केलं तर बहुतेक वेळा मूळ भाडं गेलंच. सिंगापूरला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, आई-बाबांचं बीपी आहे, गुडघे आहेत. म्हणून माइल्सवर निघालेली दोन तिकिटं आई-बाबांच्या नावाने काढा, रोखीची तुमची दोघांची.

पॉइंट साठवून ठेवण्याबद्दल थोडं कडकपणे बोलते, रागावू नका. एका कंपनीचे माझे ३१ हजार माइल्स मुदत संपून गेले. आईला एकदा मोठ्या प्रवासाला न्यायचं म्हणून मी ते साठवत होते. दरवर्षी वाटायचं, अजून थोडे होऊ देत, म्हणजे बिझनेस क्लासने नेता येईल. मग तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ दुसरं, आणि खातं उघडलं तेव्हा तिथे शून्य होतं. क्रिसफ्लायरचे माइल्स जमा झाल्यापासून ३६ महिन्यांनी संपतात, मधे विमानाने गेलात तरी. बँकांचे पॉइंट कुठे दोन वर्षं, कुठे तीन, काही कार्डांवर कायम टिकतात. पण कायम टिकणाऱ्या पॉइंटचाही बदलण्याचा दर बँक एका ईमेलवर खाली आणू शकते.

आणि कंपन्याच बंद पडतात. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. जेटची माइल्सची योजना वेगळ्या कंपनीत होती म्हणून ती वाचली, त्याच वर्षी तिचं नाव इंटरमाइल्स झालं, पण ज्या विमानांसाठी लोकांनी माइल्स जमवले होते ती विमानंच उरली नव्हती. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तिथे पॉइंट पुढे गेले, पण नियम नव्या घरचे लागू झाले. एअर इंडियाची योजना आता महाराजा क्लब नावाने चालते. दहा-बारा वर्षांत इतकं बदलतं. बँकेच्या एफडीसारखं पॉइंटवर व्याज मिळत नाही, त्यांची किंमत खालीच जाते.

याच्याही आधीची एक गोष्ट, जी तुम्हाला लागू नसेल अशी आशा आहे. कार्डाचं बिल पूर्ण न भरता थोडं पुढे ढकलत असाल, तर पॉइंटचा विचार सोडा. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला चाळीसच्या वर. त्यापुढे कोणताही पॉइंट टिकत नाही. आधी ते बिल संपवा.

आता कोची. तारखा मोकळ्या आहेत, म्हणून इथे सेल. जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत, लागून आलेल्या सुट्या सोडल्या तर, भाडी पडलेली असतात. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन या सुमारास सेल येतात. त्या मार्गाचं एरवीचं भाडं आजपासून महिनाभर आठवड्यातून एकदा बघून वहीत लिहून ठेवा. सेलच्या दिवशी ‘१,४९९ पासून’ असं वाचलं की ते तुमच्या मार्गाचं आहे की दुसऱ्याच कुठल्या तासाभराच्या मार्गाचं, आणि खरंच किती कमी झालं, हे त्या वहीवरून कळतं. मला त्या वहीने अनेकदा वाचवलंय, सेलमधलं भाडं गेल्या आठवड्यातल्या भाड्याएवढंच निघालं तेव्हा.

शेवटच्या पानावरची रक्कम आल्याशिवाय तुलना करू नका. फेब्रुवारी २०२१ पासून कंपन्यांना चेक-इन बॅगेशिवायचं स्वस्त तिकीट विकायला परवानगी आहे. त्यात फक्त हातातली बॅग. मागाहून १५ किलो विकत घेतले की स्वस्ताई संपली. त्यावर सीटचे पैसे, कन्व्हीनियन्स फी. विमानतळही हिशेबात धरा. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली आहेत आणि पुण्याहून पनवेलची बाजू अंधेरीपेक्षा जवळ पडते. तरी भाड्यात माणशी हजार रुपये वाचून टॅक्सीला चार हजार जात असतील, तर दोघांसाठी लोहगावच बरं. गोव्याला हीच चूक फार होते. उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचं स्वस्त तिकीट काढतात, राहायला दक्षिणेला पाळोळे, आणि अख्खा गोवा टॅक्सीने ओलांडतात.

देशांतर्गत तिकीट रद्द करावं लागलं आणि ते नॉन-रिफंडेबल असलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळणं हा तुमचा हक्क आहे. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याचा तसा नियम आहे. रक्कम लहान वाटते म्हणून लोक मागत नाहीत. मागा.

या आठवड्यात एवढं करा. तुम्ही दोघंही क्रिसफ्लायरची खाती उघडा, नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला, आणि बँकेतलं नाव त्याच्याशी जुळतंय ना ते बघा. एका खात्यात पाच नॉमिनी, म्हणजे तुमच्या माइल्सवर ज्यांचं तिकीट काढता येतं अशी माणसं, जोडता येतात, त्यात आई-बाबांची नावं टाका. मग माइल्सच्या सीट शोधा, दिवाळीच्या मागचे-पुढचे चार दिवस धरून. सीट दिसली की भागाकार करा. बँकेच्या एका पॉइंटला तुमच्या पोर्टलच्या भावापेक्षा जास्त मिळत असेल, तरच पॉइंट हलवा. काही बँका त्याला शंभरेक रुपये आणि वर जीएसटी घेतात. पॉइंट पोचायला कधी काही मिनिटं, कधी काही दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची तारीखही लिहून ठेवा. आणि तुमच्या दोघांची रोखीची तिकिटं आई-बाबांची सीट पक्की झाल्यावर, त्याच विमानाची काढा. बुकिंगचे नंबर वेगळे असतील, तेव्हा कंपनीला फोन करून चौघं एकत्र प्रवास करताय याची नोंद करून घ्या आणि त्याच फोनवर आई-बाबांसाठी व्हीलचेअर सांगा. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर चालणं पुष्कळ आहे, आणि व्हीलचेअरचे वेगळे पैसे पडत नाहीत.