सोलापुरात बसून नवं संशोधन कसं शोधायचं, फुकट कसं वाचायचं आणि त्यातलं खरं किती, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सोलापुरात बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात, भाऊ टेक्स्टाइल इंजिनिअरिंगला आणि बहीण एम.ए. अर्थशास्त्राला. तिघांनाही प्रोजेक्टसाठी ‘अलीकडचं संशोधन वाचा’ असं सांगितलंय. गूगलवर बातम्या सापडतात, पेपर उघडायला गेलं की पैसे मागतात, आणि उघडलाच तर खरा-खोटा कसा ओळखायचा ते कळत नाही.

आधी पैशाचं बघू. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती चालू आहे. ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या संस्थांना ही सोय आहे, त्यामुळे आपलं अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ त्या गटात येतं. विनाअनुदानित खासगी कॉलेज असेल तर नाव यादीत नसण्याचीच शक्यता जास्त. सोय असूनही पैसे मागितले जातात याचं एक साधं कारण आहे. प्रकाशकाची साइट तुमचं नाव बघत नाही, नेटवर्क कुणाचं आहे ते बघते. घरच्या मोबाईल डेटावरून गेलात की तुम्ही तिच्यासाठी रस्त्यावरचे अनोळखी. म्हणून एकदा ग्रंथालयात जाऊन ‘घरून वाचण्यासाठी इन्फेडचं लॉगिन मिळेल का’ असं नेमकं विचारा. इन्फेड म्हणजे संस्थेच्या ओळखीवर बाहेरूनही जर्नल्स उघडून देणारी सोय. मोघम ‘जर्नल्स आहेत का’ विचारलंत तर कपाटाकडे बोट दाखवतील. कॉलेज योजनेत नसेल तर एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेचं) सभासदत्व आहे का, हेही तिथेच विचारून घ्या.

काहीच नसेल तरी अडत नाही. गूगल स्कॉलरवर (गूगलच्या संशोधन शोधण्याच्या पानावर) पेपरच्या नावाखाली ‘ऑल व्हर्जन्स’ असतं, ते उघडा. लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेली प्रत बऱ्याचदा तिथे सापडते. ब्राउझरला अनपेवॉल हे फुकटचं एक्स्टेन्शन जोडून ठेवा. फुकट प्रत कुठे असेल तर पानाच्या कडेला हिरवं कुलूप दिसतं. तेही नाही दिसलं तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल टाका, पत्ता पेपरच्या पहिल्या पानावर असतो. बरेच जण पाठवतात, आपलं कुणी वाचतंय याचा त्यांनाही आनंद असतो. मात्र लेखकाची प्रत आणि छापलेली प्रत यांतले पान क्रमांक वेगळे असतात, तेव्हा संदर्भ देताना छापलेल्या प्रतीचेच द्या.

शोधताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. स्कॉलरमध्ये ‘सॉर्ट बाय डेट’ दाबलं की फक्त गेल्या वर्षभरात आत आलेल्या नोंदी दिसतात, महत्त्वाचं सगळं गाळलं जातं. त्याऐवजी वर्षाची मर्यादा घाला, क्रम तसाच ठेवा. विषयावरचा एक आढावा-लेख मिळाला की ‘साइटेड बाय’वर (त्याचा संदर्भ देणाऱ्या पेपरांच्या यादीवर) जाऊन ‘सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स’ला टिक करा आणि तिथे आपले शब्द टाका. एका जुन्या पेपरवरून नव्या पेपरांपर्यंत जाण्याचा याहून सरळ रस्ता मला माहीत नाही.

शब्दही जपून निवडा. डाळिंबावरचा ‘तेल्या’ शोधून काही मिळणार नाही, इंग्रजीत ‘बॅक्टेरिअल ब्लाइट’ लागतं. त्यातही जिवाणूचं शास्त्रीय नाव बदललंय. आधी झॅन्थोमोनास अ‍ॅक्झोनोपोडिस पॅथोव्हार प्युनिकी होतं, आता अ‍ॅक्झोनोपोडिसच्या जागी सिट्री लिहितात. एकच नाव टाकलंत तर निम्मं साहित्य हातातून जाईल, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच गावात असताना ते शोभणार नाही. नान्नजच्या माळढोकाचंही तसंच आहे, जुन्या लेखांत कोरिओटिस, नव्यांत आर्डिओटिस. खुद्द गावाचं नावही दोनदा शोधा. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ते एसनंतर एच घालून, ‘शोलापूर’ असं आहे. १८८४ चं गॅझेटिअर असो की गिरण्यांवरचे जुने लेख, एच नसेल तर सापडत नाहीत.

आता खरं-खोटं. ‘नवं’ आणि ‘विश्वासार्ह’ यांचा अर्थ प्रत्येक शाखेत वेगळा आहे. तिघांनी एकच फूटपट्टी वापरलीत तर तिघंही फसाल.

तुमच्या भौतिकशास्त्रात नवं काम आधी अर्काइव्ह (arXiv) या साइटवर येतं. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला हा साठा पूर्ण फुकट आहे, पण तिथे पेपर चढवताना कुणी तज्ज्ञ तो तपासत नाही, फक्त ढोबळ चाळणी होते. जुलै २०२३ मधलं एलके-९९ आठवा. दक्षिण कोरियातल्या गटाने दावा केला की हा पदार्थ नेहमीच्या दाबाला आणि १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक आहे, म्हणजे त्याचा विजेला होणारा रोध शून्य होतो. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेकांनी नमुने बनवून पाहिले, अतिवाहकता मिळाली नाही. गोम अशी निघाली की बनवण्याच्या कृतीत कॉपर सल्फाइडची भेसळ राहत होती. १०४ अंशांच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते आणि रोध एकदम खाली येतो, म्हणजे आलेखावर अतिवाहकतेसारखीच पायरी दिसते. शुद्ध स्फटिक केले तर ते चक्क विद्युतरोधक निघाले. यातून वाचायची सवय अशी लावा: रोध ‘कमी झाला’ की ‘शून्य झाला’, आलेखाचा उभा अक्ष कोणत्या एककात आहे, मोजणीच्या उपकरणाची खालची मर्यादा किती, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला तेच मिळालं का. अर्काइव्हवर आवृत्तीचा क्रमांक असतो. पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत काय बदललं ते पाहिलंत तर लेखकांनी कुठे माघार घेतली ते आपोआप कळतं.

आणि तज्ज्ञांनी तपासलेला म्हणजे पक्का, असंही नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये ल्युटेशियमच्या हायड्राइडवरचा अतिवाहकतेचा पेपर आला आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतला गेला. म्हणून संदर्भ देण्याआधी पेपरचा डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या मागे घेतलेल्या पेपरांच्या यादीत बघा. २०२३ पासून ही यादी डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेकडे आहे आणि सर्वांना खुली आहे. एका मिनिटाचं काम आहे, आणि ते जवळजवळ कुणीच करत नाही.

भावाचा विषय सोलापूरला सगळ्यात जवळचा, म्हणून त्यावर जरा थांबतो. टॉवेल-चादरीच्या रंगकामाच्या सांडपाण्यावर ढिगाने पेपर निघतात: कुणी शेंगांच्या टरफलाचा कोळसा करतं, कुणी उसाच्या चिपाडाचा, आणि सारांशात ‘९८ टक्के रंग काढला’ असं असतं. पद्धतीचा भाग उघडा, बहुतेक वेळा वापरलेला रंग असतो मिथिलीन ब्लू, तोही शुद्ध पाण्यात, लिटरला १० ते ५० मिलिग्रॅम. मिथिलीन ब्लूवर धन प्रभार असतो. शेतकचऱ्याच्या कोळशाच्या पृष्ठभागावर सहसा ऋण प्रभार असतो, त्यामुळे दोघं सहज चिकटतात. सुती टॉवेल मात्र रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी रंगवतात, आणि त्यांच्यावर ऋण प्रभार असतो. वर त्या पाण्यात लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ, सोड्यामुळे चढलेला पीएच, खळ आणि साबण. शुद्ध पाण्यात ९८ टक्के देणारा कोळसा या पाण्यात काय देईल, हे पेपर सांगतच नाही.

टक्के सोडा, मिलिग्रॅम प्रति ग्रॅम हा आकडा शोधा आणि स्वतः हिशेब करा. समजा क्षमता ५० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आहे, पाण्यात रंग लिटरला १०० मिलिग्रॅम आणि पाणी १०,००० लिटर. एकूण रंग १ किलो, म्हणजे उत्तमात उत्तम परिस्थितीत २० किलो कोळसा. दिलेली क्षमता ही कमाल असते आणि प्रत्यक्षात तेवढी भरत नाही, तेव्हा जास्तच धरा. मग विचारा, रंगाने भरलेला हा कोळसा टाकायचा कुठे? पुन्हा वापरता येतो असं म्हटलं असेल तर किती फेऱ्या, आणि तो धुतलेलं पाणी कुठे गेलं? याचं उत्तर नसलेला पेपर रसायनशास्त्राचा असेल, अभियांत्रिकीचा नाही.

प्रकाशाने रंग तोडणारे पेपर असतील तर आणखी एक खाच. टायटॅनियम डायॉक्साइडला अतिनील किरण लागतात, आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपासच आहे. ‘दृश्य प्रकाशात चालतं’ असा दावा मिथिलीन ब्लूवर केला असेल तर सावध व्हा, कारण हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो. मग काम उत्प्रेरकाचं की रंगाचं, ते वेगळं करता येत नाही. दिवा लावण्याआधी साधारण अर्धा तास अंधारात ढवळून ठेवलं होतं का, तेही पाहा. नाहीतर नुसता चिकटलेला रंग ‘तुटला’ म्हणून मोजला जातो. भावाला खरंच उपयोगी काही करायचं असेल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या रंगशाळेची परवानगी घेऊन खरं पाणी आणा आणि पेपरातलाच प्रयोग त्या पाण्यावर करा. निकाल वाईट आला तरी प्रोजेक्ट चांगला होतो.

बहिणीकडे वेळेचा हिशेब उलटा आहे. अर्थशास्त्रात पेपर छापून यायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून ‘नवं’ असतं ते वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे छापून येण्याआधी खुल्या केलेल्या मसुद्यांत. एनबीईआर या अमेरिकी संशोधन संस्थेची मालिका आणि आयडियाज-रिपेक ही अर्थशास्त्राच्या पेपरांची खुली सूची, दोन्ही बघावेत. तेही तज्ज्ञांनी तपासलेले नसतात, पण चर्चा त्यांच्यावरच चालते. तपासण्याची उत्तम जागा म्हणजे आकडेवारी आणि सूत्रांची फाइल. राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी २०१० मध्ये म्हटलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ सरासरी उणे ०.१ टक्का होते. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने, दोन प्राध्यापकांच्या साथीने, मूळ एक्सेल फाइल तपासली. सूत्रात २० पैकी ५ देश राहून गेले होते, काही वर्षं वगळलेली होती आणि देशांना भार देण्याची रीतही खटकणारी होती. सुधारलेला आकडा आला अधिक २.२ टक्के. वर्गातल्या अभ्यासातून निघालेलं काम होतं ते, हे बहिणीला जरूर सांगा.

विडी किंवा यंत्रमाग कामगारांवर काम करायचं असेल तर पीएलएफएसची (सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाची) मूळ आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर नोंदणी करून फुकट मिळते. एनआयसी २००८ या उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणात विभाग १२ तंबाखूचा, विडी त्यातच, आणि १३ कापडाचा. चुका दोन होतात. एक, भारांक (नमुन्यातलं एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने आहे तो आकडा) न लावता सरळ सरासरी काढतात. दुसरी, राज्यासाठी घेतलेल्या जुन्या नमुन्यातून सोलापूर जिल्ह्याचा आकडा काढतात. त्यातही फक्त विडी कामगार स्त्रिया निवडल्या की हातात मोजकीच कुटुंबं उरतात, आणि त्यांच्यावरून टक्केवारी मांडणं म्हणजे शितावरून भाताची नाही, अख्ख्या कोठाराची परीक्षा.

कला आणि इतिहासाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एवढं सांगतो की तिथे ताजेपणाला फारसा अर्थ नाही. भीमा-सीनेच्या संगमावरचा हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा शिलालेख घ्या. वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची त्यात मराठी ओळ आहे. आद्य मराठी लेख हा, अक्षीचा की श्रवणबेळगोळचा, हा वाद अक्षरांच्या वाचनावर उभा आहे. तिथे पेपर २०२४ चा की १९६० चा हे विचारू नका. लेखकाने दगडाचा ठसा दिलाय का, शकाचे अंक स्वतः वाचलेत की दुसऱ्याचे उचललेत, ते विचारा. अशा विषयांवरचे मराठी प्रबंध शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर फुकट आहेत. जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन साठ्यावर स्वतःचं खातं काढलं की महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंकही तिथेच आहेत.

प्रोजेक्टनंतर कुणी ‘पेपर छापून देतो’ म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर येईलच. दोन दिवसांत स्वीकृती, पैसे आधी, आणि विषय कोणताही चालेल, हे तिन्ही एकत्र दिसलं की नंबर ब्लॉक करा. ‘आमच्याकडे आयएसएसएन आहे’ याला अर्थ नाही, तो नुसता नोंदणी क्रमांक आहे. यूजीसीची मान्य जर्नल्सची केअर यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली, तेव्हा ‘केअर-लिस्टेड’ म्हणून अजून मिरवणाऱ्यावर तर मुळीच विश्वास नको. आणि एआयकडून संदर्भ मागितले असतील तर प्रत्येकाचा डीओआय डीओआय डॉट ऑर्गवर टाकून पाहा. नाव, लेखक, वर्ष सगळं झकास जुळवलेलं असतं, फक्त तसा पेपरच नसतो. क्रमांक उघडला तरी शीर्षक जुळतंय का ते वाचा, कारण खऱ्या क्रमांकाला भलतंच नाव लावलेलंही सापडतं.