खंडाळ्याचा घाट एचओमध्ये: रूळ चढवू नका, जमीन उतरवा

तुमच्या अडचणी थोडक्यात अशा: आठ बाय चार फुटांच्या प्लायवर एचओ मापाच्या (खऱ्याच्या 1:87) मॉडेल रेल्वेसाठी कर्जत-लोणावळा घाटाचा देखावा करायचा आहे. रुळाला चढ दिला तर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. 18 इंच त्रिज्येच्या वळणावरच्या बोगद्याला डबे घासतात. पीओपीचा डोंगर तडकला आणि राखाडी रंग देऊनही तो सिमेंटच्या ढिगासारखाच दिसतो.

आधी चढाचं बघू, कारण बाकी सगळी मापं त्यावर ठरतात. खऱ्या घाटात चढ 37 ला 1 आहे आणि तिथेही कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. तुमच्या प्लायची पूर्ण लांबी, म्हणजे 2440 मिमी, या चढाने गेलात तरी रूळ जेमतेम 66 मिमी वर जातो. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर 75 मिमी मोकळी जागा आणि पुलाची जाडी मिळून निदान 85 मिमी लागतात. तेवढं चढायला 3.1 मीटर आणि उतरायला पुन्हा तितकंच. 18 इंची वळणांचा तुमचा अख्खा लंबगोल साडेपाच मीटरच्या आसपास भरतो. हे गणित बसतच नाही, आणि बसवायला चढ वाढवला की वळणावरची ओढ त्यात मिळून इंजिन हरतं.

म्हणून रूळ सपाट ठेवा आणि त्याच्या बाजूची जमीन खाली उतरवा. घाट डोळ्याला घाट वाटतो तो रुळाच्या चढामुळे नाही, तर एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी असते म्हणून. पुढच्या सरळ भागात रुळाखाली 60 मिमी रुंदीची पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचा प्लाय साधारण 60 सेंमी लांबीत कापून काढा. पट्टी झोल घेऊ नये म्हणून तिच्या खाली प्लायचा एक तुकडा उभा लावा. तो पुलाच्या आत लपतो. दरीचा तळ 150 मिमी खाली घ्या. 1:87 च्या हिशोबाने ती 13 मीटर खोल दरी झाली. खालच्या लाकडी फ्रेमचा आडवा बार आड येत असेल तर तो आधी खाली सरकवा, मगच करवत लावा.

या 60 सेंमीत दगडी कमानींचा पूल नेमका बसतो: 115 मिमी गाळ्याच्या 4 कमानी, 25 मिमीचे 3 खांब आणि दोन्ही टोकांना 30 मिमीचे भराव. कमानी 3 मिमी सनबोर्डातून (फोमच्या हलक्या पत्र्यातून) कापा. चिऱ्यांच्या रेघा शाई संपलेल्या बॉलपेनने, स्टीलच्या पट्टीवर दाबून ओढायच्या. थराची उंची 3.5 मिमी, म्हणजे खऱ्यात 30 सेंमी. चिऱ्याची लांबी 5 ते 8 मिमीच्या दरम्यान कमीजास्त. आडवे थर पट्टीने, उभे सांधे मात्र हाताने मारा आणि सांधमोड पाळा. एकावर एक आलेले दोन उभे सांधे लांबूनही खटकतात. कमानीच्या कडेचे पाचरीसारखे दगड 7 मिमी उंचीचे आणि विषम संख्येत घ्या, म्हणजे माथ्यावर सांधा न येता दगड येतो. कमानीच्या पोटातली पट्टी वाकवण्याआधीच कोरून घ्या. नंतर पेन तिथे पोचत नाही.

रंगाचा पहिला हात तपकिरी झाक असलेल्या राखाडीचा. तो सुकल्यावर दहातला एखादा चिरा वेगळ्या छटेने भरा. मग चुन्यासारखा फिका राखाडी रंग खूप पातळ करून सगळीकडे लावा आणि लगेच ओल्या फडक्याने वरवर पुसा. रंग चिऱ्यांमधल्या सांध्यांत राहतो, चिऱ्यांवरून निघून जातो.

आता बोगदा. तुमचं तोंड सरळ रुळाच्या मापाचं आहे. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला आणि टोकं बाहेरच्या बाजूला सरकतात. आयसीएफ (जुन्या प्रकारचा प्रवासी) डबा एचओमध्ये 245 मिमी लांब, त्याच्या दोन बोगींच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या, मध्यांत 170 मिमी अंतर. 457 मिमी त्रिज्येवर मध्य जवळपास 8 मिमी आत आणि टोक साडेआठ मिमी बाहेर जातं. डब्याची निम्मी रुंदी 19 मिमी आणि 4 मिमी सैल जागा धरली तर रुळाच्या मध्यापासून दोन्हीकडे 32 मिमी मोकळे हवेत. एलएचबी (नव्या प्रकारच्या, जास्त लांब) डब्याचं टोक 12 मिमी बाहेर येतं, तेव्हा बाहेरच्या अंगाला 35 ठेवा. वळण सुरू व्हायच्या आधीच्या अर्ध्या डब्याएवढ्या सरळ रुळालाही हाच नियम लागू. मापं रुळावरून काढू नका: एचओचा रूळ 16.5 मिमी, तर आपला ब्रॉडगेज 1:87 ने 19.3 मिमी येतो, त्यामुळे रुळाच्या प्रमाणात काढलेलं तोंड नेहमी अरुंद पडतं. खात्रीचा उपाय म्हणजे सर्वांत लांब डब्याच्या मध्यावर आणि टोकावर पेन्सिल चिकटवून डबा हाताने वळणावरून फिरवणं. खाली उमटलेल्या रेघांच्या बाहेरच भिंत बांधा.

बोगद्याच्या आत निदान 15 ते 20 सेंमीपर्यंत दगडी अस्तर द्या आणि ते काळपट रंगवा, नाहीतर तोंडातून पांढरा थर्मोकोल दिसतो. मागून हात जाईल एवढं भगदाड ठेवाच. डबा घसरतो तो हटकून आत. या घाटात तीन मार्गिका आहेत, तेव्हा खऱ्या तोंडाशेजारी नुसतं दर्शनी दुसरं तोंड काळं करून बसवलं तर देखावा लगेच ओळखीचा वाटतो.

डोंगर तडकला त्यामागे बहुधा दोन कारणं आहेत: थर जाड ओतला असावा, आणि खालच्या कोरड्या कागदाने किंवा जुन्या प्लास्टरने पाणी शोषून घेतलं असावं. गाभा एक्सपीएस (टणक फोमची शीट) किंवा थर्मोकोलचा रचा, त्यावर पीओपीची 3 ते 5 मिमीची सालच द्या. वजनही तिथेच वाचतं. मापाने 1 भाग पाण्यात 2 भाग पीओपी भुरभुरवा (पीओपीत पाणी ओतायचं नाही), मिनिटभर भिजू द्या, मग हळू ढवळा. घट्ट होऊ लागल्यावर पाणी घालून सैल केलेलं मिश्रण पुढे भुसभुशीतच राहतं. दुसरा हात देण्याआधी पहिला ओला करा. पावसाळ्यात रंगापूर्वी 3-4 दिवस सुकू द्या. थर्मोकोलला फेव्हिकॉलच वापरा; सॉल्व्हंटचा डिंक आणि स्प्रे पेंट त्याला खाऊन टाकतात.

डोंगर खोटा दिसतो त्याचं कारण मात्र रंगाआधी आकारात आहे. विकतचे रॉक मोल्ड बहुतेक परदेशी डोंगरांचे असतात, थर तिरपे आणि कडा अणकुचीदार. सह्याद्री लाव्हाच्या जवळजवळ आडव्या थरांचा आहे. टणक थर उभा कडा होऊन राहतो, त्यावरचा मऊ, सच्छिद्र थर झिजून उतार होतो आणि त्या उतारावर गवत धरतं. कडा, उतार, कडा, उतार, अशी पायऱ्यांची रचना घाटात कुठूनही दिसते. एकेक थर खऱ्यात 10 मीटर धरला तर मॉडेलमध्ये 115 मिमी, म्हणजे 40 सेंमी उंच डोंगरात तीन-चारच पायऱ्या येतात. दहा-बारा बारीक पायऱ्या केल्या की तो केकसारखा दिसतो. पायऱ्यांच्या रेषा अख्ख्या डोंगरभर एकाच पातळीत फिरवा, बोगद्याच्या दोन्ही अंगांना सुद्धा. कड्यावर उभ्या भेगा मारा, एकदोन ठिकाणी वरपासून खालपर्यंत घळ काढा आणि तिच्या पायथ्याशी दगडांचा पसारा टाका. दोन थरांच्या सांध्यात कुठेतरी 5 ते 10 मिमीचा विटकरी पट्टा दिलात तर घाट पाहिलेला माणूस तिथेच थांबून बघतो.

नुसत्या राखाडीने कातळ होत नाही. पांढऱ्या प्लास्टरवर आधी पिवळ्या मातकट आणि तपकिरी रंगाचे खूप पातळ डाग, 1 भाग रंगाला 15 भाग पाणी, एकमेकांत मिसळतील असे. मग त्याच पातळपणाचा काळा सगळ्यावरून; तो भेगांत उतरतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी फक्त कडांवर. पांढरा वापरू नका, बर्फ पडल्यासारखं दिसतं. पावसाळी देखावा असेल तर घळीत काळे ओघळ आणि थोडा शेवाळी हिरवा.

झाडीसाठी ऋतू एकच ठरवा. हिरवंगार गवत आणि निष्पर्ण झाडं एकत्र आली की सगळं बिघडतं. उतारावर 2 आणि 4 मिमी स्टॅटिक गवत (मॉडेलसाठी मिळणारे बारीक कृत्रिम तंतू) मिसळून, आणि कारवीसाठी 25 ते 35 मिमी उंचीचे काथ्याचे झुपके दाट लावा. भुसा किंवा चहाचा चोथा वापरणार असाल तर धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि डिंकाच्या पाण्यात लवंग तेलाचे दोन थेंब टाका. दमट हवेत बुरशी तिथूनच सुरू होते.

खडी टाकताना एक काळजी घ्या. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या भुकटीत आणि नदीच्या काळ्या वाळूत चुंबकाला चिकटणारे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात. चहाच्या गाळणीने चाळून अर्ध्या ते पाऊण मिमीचे कण घ्या, पसरून त्यावर कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, काही चिकटेनासं होईपर्यंत. खडी रुळात ब्रशने बसवली की भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी लांबून फवारा, मगच 1 भाग फेव्हिकॉल आणि 3 भाग पाणी ड्रॉपरने सोडा. आधी न भिजवता डिंक सोडलात तर थेंब गोळा होऊन खडी वाहून नेतो. पॉइंटच्या (रूळ बदलण्याच्या सांध्याच्या) हलत्या पात्यांजवळ डिंक अजिबात नको. तिथे खडी अगदी विरळ ठेवा आणि स्लीपरच्या पातळीखालीच थांबवा. रुळाचे माथे डिंक ओला असतानाच पुसून घ्या.