मुरुमांचे औषध मध्येच का सुटते? : वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची असून बारावीत आहे. तिच्या गालांवर व कपाळावर दीड वर्षापासून मुरुम येतात. डॉक्टरांनी सकाळी बेंझॉइल परॉक्साइड, रात्री अ‍ॅडापॅलीन अशी दोन जेल आणि डॉक्सिसायक्लिनची गोळी लिहून दिली. पहिल्याच आठवड्यात चेहऱ्याची आग होऊन साल निघू लागली, तेव्हा तिने ट्यूब कपाटात ठेवून दिली. वर्षभरात असे तीन वेळा झाले. मी आठवण केली की ती चिडते, आणि आता ‘मला काहीच लागू पडत नाही’ असे म्हणते.
– एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आपल्या मुलीला औषध लागू पडले नाही असे म्हणता येणार नाही, कारण ते लागू पडण्याइतके दिवस पोटात गेलेले नाही आणि चेहऱ्यावर राहिलेलेही नाही. आज दिसणाऱ्या पुटकुळीची सुरुवात कित्येक आठवडे आधी रंध्राच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या गाठीच्या रूपाने झालेली असते. अ‍ॅडापॅलीन ती गाठ तयार होऊ देत नाही. मात्र आधीच तयार झालेल्या गाठी वर येतच राहतात, म्हणून फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. आग होणे, साल निघणे हा त्रास मात्र पहिल्या २ ते ४ आठवड्यांतच सर्वाधिक असतो. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर, असा या औषधाचा क्रम आहे. तो चिठ्ठी देतानाच समजावून सांगितला नाही, तर सतरा वर्षांच्या मुलीने ट्यूब बाजूला ठेवली यात तिचा दोष नाही. तो मी आम्हा डॉक्टरांचाच मानते.

पुन्हा सुरुवात करताना आपल्या डॉक्टरांशी बोलून पहिले दोन-तीन आठवडे अ‍ॅडापॅलीन एक रात्र सोडून एक रात्र लावू द्या. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, संपूर्ण चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढेच जेल पुरते, आणि ते केवळ पुटकुळीवर न लावता मुरुम येणाऱ्या सर्व भागावर पातळ पसरायचे असते. जास्त लावल्याने गुण लवकर येत नाही, आग मात्र वाढते. त्यावर साधे, बिनतेलाचे मॉइश्चरायझर लावावे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये माळव्याची हवा इतकी कोरडी असते की मॉइश्चरायझर वगळले तर चांगली त्वचाही ताणली जाते. स्कूटीवर जाताना मुली ओढणीने चेहरा झाकतात, ते धुळीपुरते ठीक आहे. सनस्क्रीन त्याखालीही लावावेच, कारण डॉक्सिसायक्लिनमुळे ऊन अधिक बाधते आणि उन्हाने मुरुमांचे काळे डाग गडद होतात. बेंझॉइल परॉक्साइडने टॉवेल व उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, म्हणून पांढरा टॉवेल वेगळा ठेवा. कित्येक घरांत हे औषध याच कारणाने बंद पडलेले मी पाहिले आहे. गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी, दुधाबरोबर घेऊ नये आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नका. हे प्रतिजैविक ठराविक मुदतीसाठीच, साधारणतः ३ ते ४ महिने दिले जाते, आणि वारंवार अर्धवट घेतल्याने जंतू त्याला दाद देईनासे होतात.

आता आठवणीविषयी. ‘लावलंस का?’ हा प्रश्न आई मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत विचारते, तेव्हा मुलीला तो औषधाविषयी न वाटता चेहऱ्याविषयी वाटतो. त्यामुळे रोजची आठवण आपण सोडावी आणि ती एखाद्या जुन्या सवयीला बांधावी : रात्रीची ट्यूब दात घासण्याच्या ब्रशशेजारी, सकाळची कंगव्याशेजारी. दर ४ आठवड्यांनी एकाच खिडकीजवळ, एकाच प्रकाशात तिनेच स्वतःचा फोटो काढावा. रोज आरशात पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल कळत नाही. दोन फोटो शेजारी ठेवले की कळतो. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या रात्री दुप्पट लावू नये, नेहमीएवढेच लावावे. आणि पुढच्या तपासणीची तारीख ८ आठवड्यांनंतरची आजच ठरवून घ्या. तिथे तिला एकटीने डॉक्टरांशी बोलू द्या. फार आग झाली तर बंद करण्याआधी फोन करायचा, एवढा एकच करार तिच्याशी करावा.

प्रश्न : मी भंवरकुआं भागात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. डॉक्टरांचे जेल महिनाभर लावून फारसा फरक पडला नाही, पण मित्राने मेडिकलवरून आणून दिलेल्या क्रीमने पाच दिवसांत चेहरा साफ झाला. तेच चालू ठेवू का?
– एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : नाही. इतक्या झटपट गुण देणाऱ्या क्रीममध्ये बहुधा स्टेरॉइड असते. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी नाव आहे का ते पाहा. त्याने लाली दबते, परंतु पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरुम येतात. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले आहेत. ट्यूब फेकून न देता ती डॉक्टरांकडे घेऊन जा आणि किती दिवस लावली ते सांगा. ती थांबवल्यावर काही दिवस चेहरा बिघडल्यासारखा दिसेल, तेव्हा पुन्हा तिच्याकडे वळू नका. आधीच्या जेलला आपण एकच महिना दिला होता. ते पुन्हा केव्हा सुरू करायचे हे त्याच भेटीत विचारून घ्या.