बाटली दहा लिटरची, मागणारे आठ

प्रश्न : मी मूळची पलूसची, गोव्यात समुद्रविज्ञानात पीएच.डी. करते. दोन मोहिमांत जहाजावर पाण्याचे नमुने घेतलेत. पुढच्या खेपेला मुख्य शास्त्रज्ञांच्या हाताखाली राहून मोहीम चालवायला शिक, असं मार्गदर्शक म्हणतात. बरोबरचे सगळे माझ्याहून मोठे. माझा तर आवाजच निघत नाही. तयारी कशी करू?

उत्तर : अगं, आवाजाचं राहू दे. डेकवर विंच, म्हणजे तारेने यंत्रं पाण्यात सोडायची चरखी, सुरू झाली की कुणाचाच आवाज ऐकू येत नाही, वॉकीटॉकीवरच बोलावं लागतं.

तू पलूसची, म्हणजे कृष्णा कालव्याकाठची. रात्री शेतात पाण्याची दारं धरायला घरातलं कुणी ना कुणी गेलंच असेल. कुणाची पाळी कधी, किती तास, हे पाटकरी ठरवतो आणि सगळ्यांच्या शिव्याही खातो. मुख्य शास्त्रज्ञाचं निम्मं काम तेच. रोझेट म्हणजे खोलवरचं पाणी आणणाऱ्या बाटल्यांचं गोल कडं. त्यातल्या एका बाटलीत पाणी दहा लिटर आणि हव्याशा खोलीवरच्या त्या एकाच बाटलीसाठी आठ जण रांगेत!

मी पहिल्यांदा मोहीम सांभाळली तेव्हा ही पाळी कागदावर लिहिलीच नव्हती. सगळे शहाणे आहेत, घेतील समजून, असं वाटलं. हरितद्रव्य मोजणाऱ्याने आधी चार लिटर काढून घेतले. प्राणवायूवाली मुलगी आली तोवर बाटलीत वरून हवा शिरलेली. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या थरात प्राणवायू नावालाच असतो. तिथे आमचा आकडा फुगून आला. अख्खं स्टेशन, म्हणजे नमुने घ्यायला जहाज थांबतं ते ठिकाण, वाया गेलं आणि चूक तिची नव्हती, माझी होती. तेव्हापासून प्राणवायू पहिला, क्षारता शेवटी, हा क्रम मी रोझेटशेजारी चिकटवूनच ठेवायचे. प्राणवायूच्या नमुन्याला नळी काचेच्या छोट्या बाटलीच्या तळाला टेकवायची, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, पाणी दोन-तीनदा भरून वाहू द्यायचं, मग प्राणवायू बांधून ठेवणारी रसायनं घालायची. तपकिरी साका खाली बसेपर्यंत तिथून कुणी हलायचं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘सागर कन्या’ हे संशोधन जहाज १९८३ मध्ये आलं, ‘सिंधु साधना’ २०१४ मध्ये. तरी जहाजावरचे दिवस अजून मोजूनमापूनच मिळतात. आत्ताच वहीत हिशेब मांड. तीन हजार मीटरवर सीटीडी, म्हणजे क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, रोझेटसकट सोडायची, मिनिटाला साठ मीटर, म्हणजे उतरायलाच पन्नास मिनिटं. वर येताना बाटल्या बंद करायला थांबत थांबत यायचं, म्हणजे एकूण दोन तास धर. पुढचं स्टेशन साठ सागरी मैलांवर, वेग ताशी दहा मैल, म्हणजे सहा तास. दिवसाला तीन स्टेशनं झाली. दर्या खवळून एक दिवस गेला की तीन स्टेशनं गेली. ती कुठली जाणार, हे तुला बंदर सोडण्याआधीच ठाऊक पाहिजे. हवामान बिघडल्यावर ठरवायला बसलीस तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच स्टेशन वाचतं. तुझ्या आवाजाची अडचण खरी तिथे आहे, आणि तिच्यावर कागद हाच उपाय.

कॅप्टन ‘नाही’ म्हणाला तर वाद घालू नकोस. जहाजाच्या सुरक्षिततेत शब्द त्याचाच. मात्र ‘किती वाजता परत बघायचं?’ हे जरूर विचार. बोसनशी, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाशी, पहिल्याच दिवशी ओळख करून घे. विंचच्या तारेचा ताण कधी बिघडतो, हे त्याला आपल्याआधी कळतं. रात्री बारा ते चारच्या पाळीला भडंगाचा डबा घेऊन गेलीस तर तो आणखी बरंच सांगेल. (कांदा वेगळा ने, भडंग मऊ पडतं.)

अमेरिकेत तरुण संशोधकांसाठी अशा खास प्रशिक्षण मोहिमा निघतात. तिथे चूक झाली तर सावरायला जुनी माणसं शेजारी असतात. तुलाही मार्गदर्शकांच्या शेजारी उभं राहायची संधी मिळते आहे. एक-दोन दिवस स्टेशनचे निर्णय मला घेऊ द्या, असं त्यांना आधीच सांग. आणि तीन स्टेशनं गाळून केलेली यादी मला इकडे साताऱ्याला पाठव. कुठलं गाळलंस आणि का, ते बघते.