रस्त्यापलीकडची बाग : वाचकांचे प्रश्न

माटुंग्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी 31 वर्षं सहायक होते. सर-मॅडम शिकवायचे आणि फुलं मी आणायची. प्रॅक्टिकलला 60 मुलं, म्हणजे 70 जास्वंदी किंवा 70 धोतरे सकाळी आठच्या आत टेबलावर हवेत. त्यासाठी दादर ते शीव एवढ्या टापूतल्या बागा मी पायी तुडवल्या. माझं ज्ञान एवढंच आणि एवढ्यातलंच. अंधेरी-बोरिवलीच्या वाचकांनी रागावू नये.

ताई, दोन महिन्यांपूर्वी आम्ही मिरजेहून मुलाकडे माटुंग्याला राहायला आलो. तिकडे अंगण होतं, दारात दोन आंबे होते. इथे सहावा मजला. ह्यांना दम लागतो, माझे गुडघे दुखतात. सून म्हणते फाइव्ह गार्डनला जात जा. एकदा गेलो तर नुसती पळणारी माणसं आणि साखळीला बांधलेली कुत्री. आम्ही जावं तरी कुठे?
— एक वाचक, माटुंगा

तुमची सून बरोबरच सांगते आहे, तुमची वेळ तेवढी चुकली. सकाळी सहा ते आठ फाइव्ह गार्डन घड्याळ बांधून पळणाऱ्यांचं असतं. तुम्ही नऊच्या सुमाराला जा. तेव्हा पळणारे ऑफिसला गेलेले असतात, माळ्यांचा पाइप सुरू झालेला असतो आणि बाकं रिकामी मिळतात.

पण बागेत चकरा मारू नका. माझं ऐका, बागेच्या भोवतालच्या गल्ल्यांतून चाला. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत सुधारणा मंडळ स्थापन झालं, त्यानं दादर-माटुंग्याचा हा भाग आखला. त्यात पारशी कॉलनी उभी करण्यामागे मंचेरजी जोशी होते. फाइव्ह गार्डनला आज त्यांचंच नाव आहे. या गृहस्थांनी रस्त्यागणिक वेगळ्या जातीचं झाड लावायचं ठरवलं. मधल्या काळात वादळं झाली, कीड लागली, खोदकामं झाली, त्यामुळे रांगा आता तुटक दिसतात. तरी वरच्या फांद्या बघत चाललात तर एका वळणावर सावलीचा रंग बदललेला कळतो. रस्ते सपाट, रहदारी बेताची. यजमानांना दम लागला तर कुठल्याही फाटकाशी दोन मिनिटं टेकता येतं.

दुसरी जागा तुम्हाला घराजवळच आहे आणि ती उड्डाणपुलाखाली आहे. हसू नका. आंबेडकर रोडवर तुळपुळे उड्डाणपुलाच्या पोटाखाली नानालाल मेहता उद्यान आहे. पूल झाला तेव्हा खाली गाड्या लागणार, भंगार साठणार, हे इथल्या रहिवाशांना दिसत होतं. त्यांनी महापालिकेच्या मागे लागून तिथे बाग करून घेतली. मधून जाणारा चालायचा रस्ता नर्मदेच्या प्रवाहासारखा वळणं घेत गेलाय. वर पूल असल्यामुळे ऊन नाही, पाऊस नाही. आमच्या मैत्रिणींचा जथा तिथे रोज “परिक्रमा” करतो. खऱ्या परिक्रमेत नदी ओलांडायची नसते आणि आम्ही तर सरळ नदीतूनच चालतो, तेव्हा पुण्याचा हिशेब मला विचारू नका. दोन्ही बाजूंनी गाड्यांचा आवाज मात्र आहे. तो सोसवत नसेल तर शीवच्या किल्ल्याच्या पायथ्याचं नेहरू उद्यान बघा. किल्ल्याच्या पायऱ्या तुमच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत. खाली बसा, यजमानांनाही चढू देऊ नका.

आंब्याचं म्हणाल तर गल्ल्यांतून चालताना कुंपणाच्या आतली झाडं बघत जा. एखादा आंबा सापडला की माघात मोहोराच्या वासाला पुन्हा त्याच वाटेनं जा.

तिसरीतल्या मुलीला शाळेनं “परिसरातील दहा झाडांची पाने” चिकटवून आणायला सांगितली आहेत. मोबाइलच्या ॲपनं एकाच झाडाची तीन वेगवेगळी नावं दाखवली. पुस्तकात बघून काही कळत नाही. काय करू?
— एक आई, शीव

मोबाइल ठेवा पर्समध्ये आणि बागेतल्या माळ्याला विचारा. त्याला लॅटिन नाव येणार नाही, पण झाड कधी फुलतं, कधी पान गाळतं, कुठल्या फांदीवर सुरवंट येतात, हे तो न बघता सांगेल. नावात थोडा घोळ होईल, त्याला घाबरू नका. मला आठवतं, सप्तपर्णीच्या एकाच झाडाला रत्नागिरीकडचा माळी सातवीण म्हणायचा आणि त्याच बागेतला उत्तरेकडचा छितवन. दोघे त्यावरून भांडायचेही. मुलीच्या वहीत तिन्ही नावं लिहू द्या. आणि हेही लिहा की याच्या लाकडाच्या पूर्वी पाट्या करत. लॅटिन नावातला “स्कोलॅरिस” त्यावरूनच आला. बाईंनी गुण कापले तर मला पत्र टाका.

आता खरी गंमत. निम्मी मुलं पानं चुकीची आणतात, कारण पान कुठे संपतं हेच माहीत नसतं. करंजाची फांदी हातात घ्या. देठाला पाच-सात हिरवी चकचकीत पानं दिसतील. ती पानं नाहीत, पर्णिका आहेत. सगळी मिळून एक पान. ओळखायचं कसं? प्रत्येक पानाच्या बगलेत, म्हणजे देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात, एक बारीक कळी असते. नखाएवढीसुद्धा नाही, मोहरीसारखी. पर्णिकेच्या बगलेत ती कधीच नसते. मुलीला भिंग द्या आणि कळी शोधायला लावा. गुलमोहराचं तर हातभर पीस दिसतं ना, ते सगळं एक पान! ते वहीत मावत नाही म्हणून मुलं त्याचे तुकडे चिकटवतात आणि खाली “गुलमोहराची पाने” असं अनेकवचन लिहितात. 31 वर्षांत ही चूक मी बीएस्सीच्या मुलांच्या हर्बेरियममध्येही, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातही, पाहिली.

चिकटवण्याआधी पान वाळवा. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर जाड पुस्तकं किंवा पाटा ठेवा. पहिले तीन दिवस रोज कागद बदला, नाहीतर बुरशी धरते, त्यातून पावसाळा असेल तर हमखास. फेविकॉल थेंबाथेंबानं. पानं खाली पडलेली उचला. बहुतेक झाडांखाली दहाची बेगमी सहज होते.

मुलांना घेऊन राणीच्या बागेत जाऊन आलो. पेंग्विन बघितले, वाघ झोपला होता. आता पुन्हा जाण्यासारखं तिथे काय आहे?
— एक वाचक, परळ

अहो, तुम्ही बाग बघितलीच नाही, प्राणी बघून आलात! 1862 मध्ये लोकांसाठी उघडली तेव्हा ती व्हिक्टोरिया गार्डन होती आणि झाडांसाठीच होती. आजही झाडांच्या बाबतीत मुंबईत तिला जोड नाही. भायखळ्याला पूर्वेकडे उतरा, दहा मिनिटांत चालत पोचाल. बुधवारी बंद असते. हे मी वाचकांना दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कोणीतरी बुधवारीच जाऊन मला रागाचं पत्र लिहितं.

गोरखचिंच बघा. मूळची आफ्रिकेची. खोड असं की चार माणसांनी हात धरून कवेत घ्यावं आणि वर त्या मानानं फांद्या अगदीच किरकोळ, जणू मुळंच आकाशात गेली आहेत. तिची मोठी पांढरी फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं परागीभवन करतात, म्हणून आपल्याला दिवसा दिसतं ते सुकून लोंबणारं फूल. उर्वशी बघायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा आणि माळ्याला विचारा. ब्रह्मदेशातलं झाड आहे. लाल फुलांचे घोस झुंबरासारखे उलटे लटकतात. विचारल्याशिवाय हे झाड सापडत नाही, मलाही पहिल्यांदा सापडलं नव्हतं.

आणि कैलासपती. याच्यापाशी अर्धा तास काढा. फुलं फांदीला येत नाहीत, थेट खोडातून बाहेर पडलेल्या दोऱ्यांसारख्या काटक्यांना येतात. खाली पडलेलं ताजं फूल उचला. सहा जाड, गुलाबी-लाल पाकळ्या. मधोमध पुंकेसरांचं कडं आणि त्या कड्याच्या एका बाजूनं निघून वर झुकलेली फणा. म्हणून लोक याला शिवलिंगावरचा नाग म्हणतात. आम्ही प्रॅक्टिकलला ही फणा ब्लेडनं मधोमध उभी कापायचो. आत दिसतं की पुंकेसर दोन तऱ्हांचे आहेत. कड्यातले खरे परागकण देणारे आणि फण्यातले निव्वळ भुंग्यांचं खाणं. काळा भुंगा खाण्यासाठी फण्याखाली घुसतो, तेव्हा त्याची पाठ एकीकडे आणि पोट दुसरीकडे घासतं आणि खरा पराग अंगाला माखून तो पुढच्या फुलाकडे जातो. मुलांना आधी हे सांगू नका. फूल हातात द्या आणि “यात भुंगा कसा शिरत असेल?” एवढं विचारा. वास घ्यायला विसरू नका. फळ तोफगोळ्याएवढं असतं आणि पडलं की डोकं फुटेल, तेव्हा झाडाखाली बसू नका, उभं राहून बघा.

धारावीजवळचं निसर्ग उद्यान म्हणे कचऱ्यावर केलंय. वास येतो का? जाण्यासारखं आहे का?
— एक वाचक, माहीम

वास येतो, पण तो मिठी नदीचा आणि खाडीचा, भरती-ओहोटीप्रमाणे कमीजास्त. कचऱ्याचा नाही. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत. 1983 मध्ये झाडं लावायला सुरुवात झाली, पक्षीतज्ज्ञ सलीम अली त्यात होते, आणि 1994 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. 37 एकर जागा आहे. फुलांचे ताटवे आणि झोपाळे शोधायला गेलात तर निराश व्हाल. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात सकाळी नवाच्या सुमाराला जा, ऊन तापायला लागलं की फुलपाखरं बाहेर पडतात. लांब बाह्यांचे कपडे घाला. डास आहेत, भरपूर.

आमच्या सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षाची फांदी गच्चीवर आली आहे. सेक्रेटरी म्हणतात, माणूस बोलावून अर्धं झाड उतरवू. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉकही बसवायचे आहेत. आम्ही दोन-तीन घरं विरोधात आहोत.
— तीन सभासद, दादर (पश्चिम)

सेक्रेटरींना शांतपणे विचारा, परवानगी घेतली का? महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. स्वतःच्या आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं आहे. तुमचं झाड तेवढं जुनं असेल तर सोसायटीच्या जुन्या फोटोंत सापडेल, मंगळागौरीचे, लग्नाचे फोटो काढून बघा. गच्चीवरची फांदी त्रास देत असेल तर वॉर्डच्या उद्यान खात्याकडे छाटणीचा अर्ज करा. विरोधाला विरोध करू नका, ती फांदी कदाचित खरोखरच धोक्याची असेल. पण अर्धं झाड एका बाजूनं उतरवलं की तोल जातो आणि पुढच्या जुलैत उरलेलं अर्धं गाड्यांवर येतं.

पेव्हर ब्लॉकचं माझं मत कडक आहे. बुंध्याभोवती चारी बाजूंना निदान मीटरभर माती उघडी राहायलाच हवी. मुळांना पाणी लागतं तशी हवा लागते. आमच्या भागातले कितीतरी पर्जन्यवृक्ष दहा-बारा वर्षांपूर्वी पिठ्या ढेकूण नावाच्या रस शोषणाऱ्या किडीनं वाळले. शिवाजी पार्कच्या रस्त्यांवर चालताना पूर्वीची सावली कुठे गेली असं वाटतं ते त्यामुळे. फांद्यांवर या किडीचे पांढरे कापसासारखे पुंजके दिसतात का, तेवढं आधी बघून घ्या. दिसले तर अर्जात ते पहिल्या ओळीत लिहा.

बागेत पडलेली फुलं घरी नेली तर चालतात का? रक्षक शिट्टी मारतो.
— एक आजी, हिंदू कॉलनी

पडलेली बकुळीची फुलं वेचली तर कोणी काही म्हणू नये. नियम झाडावरच्या फुलांसाठी असतात, पण शिट्टी मारणाऱ्याला लांबून दोन्ही सारखीच दिसतात, त्याचाही दोष नाही.

मलाही एकदा पकडलं होतं. कुठल्या बागेत ते सांगत नाही. सकाळचे साडेसहा, पिशवीत 64 जास्वंदी मोजून झाल्या होत्या. रक्षकानं पिशवी उलटी करून फुलं बाकावर ओतली आणि म्हणाला, “एवढे गणपती आहेत का तुमच्या घरात?” कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं, प्रॅक्टिकल समजावून सांगितलं, पुंकेसरांची नळी कशी असते ते एका फुलावर दाखवलंसुद्धा. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि फुलं जप्त केली. त्या दिवशी मुलांनी सदाफुली कापली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन गेले, ते निवृत्तीपर्यंत पर्समध्ये होतं, घड्यांवर फाटलेलं.

तुम्ही मात्र एवढंच करा, शिट्टी वाजली की ओंजळ उघडून दाखवा. बकूळ मातीत पडलेली असते, एखादं फूल देठाशी तपकिरी झालेलं असतं. रक्षकाला ते जवळून बघितलं की कळतं. आणि फुलं पडावीत म्हणून फांदी हलवू नका. तुम्ही हलवता, मला माहीत आहे.